उन्हाळी काठ

एका बाईंनी दोन तास उन्हात चालून मोजलेला तलाव मी खुर्चीत बसल्या बसल्या अर्धा केला, ही गोष्ट खरी आहे. पण तिची सुरुवात तलावापासून होत नाही. ती एका मशीनपासून होते. चौपट वेगानं चालेल म्हणून आम्ही ते विकत घेतलं होतं आणि ते जुन्यापेक्षा सावकाश चालत होतं.

दोन हजारच्या दशकाची शेवटची वर्षं होती. चंद्रपुरात एका कापडाच्या दुकानावर आमचं नकाशांचं छोटं ऑफिस होतं. माणसं तीन : मालक, सर आणि मी. वनहक्काचा कायदा आला होता आणि गावोगावचे सामूहिक दावे तयार होत होते. गावातली माणसं हातात जीपीएसचं यंत्र घेऊन आपली हद्द चालायची, प्रत्येक वळणावर थांबून बटण दाबायची. ते ठिपके आमच्याकडे यायचे आणि त्यांच्यासोबत बंदोबस्ताच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या जमीनमोजणीच्या काळातला गावाचा जुना नकाशा यायचा. तो नकाशा घडीवर फाटलेला, एका बाजूनं आखडलेला, कुठे चहा सांडलेला. त्याचा फोटो मशीनमध्ये घ्यायचा आणि तो ताणून, ढिला करून गावकऱ्यांच्या ठिपक्यांवर बसवायचा, हे आमचं काम. बसवायचा म्हणजे चित्रातल्या प्रत्येक बारीक बिंदूची जागा नव्यानं काढायची. जुन्या मशीनवर एका गावाला सात तास लागत. दुपारी भारनियमनात लाईट गेली की इन्व्हर्टर दम धरेल तेवढा धरायचा, आणि त्यानं मान टाकली की पुन्हा पहिल्यापासून.

ही आकडेमोड चालायची ती सरांच्या भाषेत. सर आधी पॉलिटेक्निकला शिकवायचे, मीही त्यांचाच विद्यार्थी. नव्वदच्या दशकात, आमच्यासारख्या इंग्रजीला घाबरणाऱ्या पोरांसाठी त्यांनी एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा तयार केली होती. अक्षरं इंग्रजी, आज्ञा मराठी : जर, नाहीतर, दाखव, थांब. आज्ञा चुकली की पडद्यावर यायचं, ‘समजलं नाई’. ती भाषा ओळीओळीनं वाचून मशीनकडून काम करून घेणारा जो प्रोग्राम, ज्याला सगळे इंटरप्रिटर म्हणतात, त्याला सर ‘दुभाष्या’ म्हणत. पॉलिटेक्निकनं तो कधी मनावर घेतला नाही. बाहेरची ऐटबाज भाषा अभ्यासक्रमात आली आणि सरांचा दुभाष्या प्रयोगशाळेच्या कपाटात जाऊन बसला. निवृत्तीनंतर सरांनी तो आमच्या ऑफिसात आणला, त्यात नकाशांची आकडेमोड घातली आणि जगात फक्त आमच्या तीन टेबलांवर ती भाषा जिवंत राहिली. मी तिच्यावर नाक मुरडायचो, पण ती मला माझ्या हाताच्या रेषांपेक्षा जास्त पाठ होती.

नवीन मशीन चार कोरचं होतं. म्हणजे एका डबीत चार डोकी, चौघं एकाच वेळी वेगवेगळं काम करणार. मालकांनी सरळ हिशोब मांडला : सातला चारानं भागा, पावणेदोन तास. दावे तपासणारी उपविभागाची समिती पावसाळ्याच्या आत बसणार होती आणि आमच्याकडे गावांचा ढीग पडला होता. सरांनी दुभाष्यात आधीच सोय करून ठेवली होती की नकाशाचे चार पट्टे पाडायचे आणि चार जणांना वाटून द्यायचे. या चौघांना ते ‘गडी’ म्हणत. आम्ही एक गाव लावलं, चार गडी सोडले आणि चहाला गेलो. ते गाव साडेआठ तासांनी संपलं.

मालकांनी आधी दुकानदाराला फोन करून झाडलं. मग सरांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलावर एका परदेशी नकाशा-सॉफ्टवेअरचं माहितीपत्रक उघडं पडलेलं होतं. सरांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसत बसले.

चार गडी असून काम चौपट का होत नाही, ते त्यांना माहीत होतं. दुभाष्याच्या पोटात प्रत्येक वस्तूवर, मग तो आकडा असो, ठिपका असो की यादी, एक मोजणी लिहिलेली असते : सध्या मला किती जणांनी धरलंय. एखाद्यानं उचललं की एक वाढतो, सोडलं की एक कमी होतो. शेवटच्यानं सोडलं की ती जागा पुसून दुसऱ्या कशाला तरी द्यायची. हे एका गड्याचं काम असेल तोवर ठीक. दोन गडी एकाच क्षणी तीच वस्तू उचलायला गेले, तर दोघंही ‘तीन’ वाचतात, दोघंही एक मिळवतात आणि दोघंही ‘चार’ लिहितात. खरे पाच आहेत. तो हरवलेला एक कधीतरी अंगावर येतो. वस्तू कुणाच्या तरी हातात असताना मोजणी शून्यावर येते आणि तिची जागा भलत्यालाच दिली जाते.

म्हणून सरांनी सगळ्या दुभाष्याला मिळून एकच कुलूप ठेवलं होतं. त्याचं नाव ‘गोळा’. सरांचे वडील नॅरोगेजच्या एका लहान स्टेशनावर पॉइंट्समन होते. एकेरी रुळावर गाडी सोडताना स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा द्यायचा. गोळा हातात असल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि त्या टप्प्यापुरता बाहेर असायचा तो एकच गोळा. दुभाष्यातही तोच नियम होता. ज्याच्या हाती गोळा तो गडी चालणार, बाकीचे उभे.

“म्हणजे सर, चार डोकी घेतली आणि चालणार एकच?” मी विचारलं.

“हो ना बे. तेच तर होऊन राह्यलं.”

“पण मग सातच तास लागायला पाहिजे होते. साडेआठ कसे?”

हे शोधायला आम्हाला चार दिवस लागले. आम्ही दुभाष्याला स्वतःची रोजनिशी लिहायला लावली : गोळा कुणी घेतला, कधी सोडला, कोण जागं झालं. जुन्या मशीनला डोकं एकच, त्यामुळे थांबलेले गडी मुकाट झोपून राहायचे. नव्यात प्रत्येकाला स्वतःचं डोकं रिकामं मिळालेलं. दर शंभर आज्ञांनंतर गोळा क्षणभर खाली ठेवला जाई. त्या क्षणी तिघंही उठत आणि धावत येत. तोवर ज्यानं ठेवला त्यानंच तो परत उचललेला असे. मग तिघंही परत जाऊन झोपत. पुन्हा शंभर आज्ञा, पुन्हा तोच तमाशा. तिघांचा दिवस ‘सुटला का?’ विचारण्यात जात होता आणि त्या गोंधळात चौथ्याचंही काम मंदावत होतं.

सरांनी पहिला उपाय सोपा केला. शंभरऐवजी दहा हजार आज्ञांनंतर गोळा ठेवायचा. धावाधाव थांबली आणि सात तासांवर आलो, म्हणजे जुन्या मशीनइतकेच. दुसरा उपाय मी सुचवला : मोठं कुलूप काढा, प्रत्येक वस्तूवर छोटं कुलूप लावा. लावून पाहिलं. एकटा गडी चालवला तर बारा तास, कारण काही उचलायचं म्हटलं की आधी कुलूप उघडा. चौघं मिळून साडेसहा. आणि रोजनिशीत एक मजा दिसली. सगळ्यात जास्त रांग लागत होती ती शून्य या आकड्यासमोर. दुभाष्यात शून्य एकच होतं, सगळ्यांनी मिळून वापरायचं. चारही गडी क्षणाक्षणाला त्याची मोजणी वाढवत आणि कमी करत बसलेले. सर ते पाहून खूप वेळ हसत राहिले. मग त्यांनी शंभरपर्यंतच्या आकड्यांची मोजणीच बंद करून टाकली. ते कधी मरणारच नाहीत, मग मोजायचं काऊन, असं त्यांचं म्हणणं. त्यानं पाच तासांवर आलो.

“आता खरं काम,” सर म्हणाले. त्यांचं म्हणणं असं, की कुलपांचा नाद सोडायचा आणि प्रत्येक गड्याला त्याचं स्वतःचं घर द्यायचं. स्वतःचे आकडे, स्वतःचे ठिपके, स्वतःच्या याद्या, सगळ्याची वेगळी प्रत. कुणी कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही, शेवटी फक्त तयार पट्टा आणून द्यायचा. बोलायला ठीक होतं. पण दुभाष्या पंधरा वर्षांत वाढलेला, आणि सगळ्यांच्या मालकीच्या वस्तू त्यात कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवलेल्या. सर एकेक शोधून वहीत लिहू लागले. त्यांचा वेग बघून माझं डोकं फिरायचं. एक वस्तू, एक ओळ, मग उठून पाणी प्यायचे.

अशात ते आठवडाभर नागपूरला मुलीकडे गेले. जाताना खबरदारी म्हणून त्यांनी मोठं कुलूप, गोळा, परत लावून ठेवलं आणि मला बजावून गेले, “गोळ्याले हात नको लावू. मी आलो की करू.”

मी दुसऱ्याच दिवशी लावला.

माझा युक्तिवाद मला अगदी बिनतोड वाटत होता. गडी पट्ट्याची आकडेमोड करत असताना गावकऱ्यांचे ठिपके नुसते वाचतात, बदलत नाहीत. वाचण्याला कशाला कुलूप? तेवढ्या भागापुरता गोळा खाली ठेवायचा आणि चौघांना मोकळं सोडायचं. छोटी कुलपंही मी काढून टाकली. तीस-चाळीस ओळींचं काम. एक गाव लावलं : दोन तास दहा मिनिटं. तेच गाव पुन्हा लावलं, उत्तर तेच. पाच वेळा लावलं, पाचही वेळा बिंदूबिंदूला तेच. मालकांनी समोसे मागवले आणि ते माहितीपत्रक टेबलावरून नाहीसं झालं. मला अभिमान वाटला, आणि तो मी लपवलाही नाही. सरांना फोन करून सांगण्याइतका मात्र तो नव्हता. चार दिवसांत मी अकरा गावं काढली.

त्या अकरात चिमूरच्या बाजूचं, जंगलाला लागून असलेलं एक गाव होतं. गावाला मोठा तलाव, तलावावर पंचवीस-तीस मासेमारी करणाऱ्या घरांचं पोट. नकाशा तयार झाला तेव्हा तलावाची चाललेली रेष जुन्या नकाशापेक्षा बरीच आत आली होती. एक कोपरा जवळजवळ मधोमध. उरलेला निम्मा भाग वनाच्या रंगात रंगला होता.

इथे आमच्या ऑफिसची एक सवय सांगावी लागते. हद्द चालायचं काम उन्हाळ्यातच व्हायचं. तेव्हा आमच्याकडचे तलाव आटून मधे जातात, पोटात गाळपेर होते, लोक टरबुजं लावतात. तलावाची पाळ, जिला झाडीपट्टीत पार म्हणतात, ती काट्यांनी भरलेली असते. त्यामुळे काही ठिकाणी चालणारे पारीवरून न जाता पाण्याच्या कडेनं सपाटीवरून फिरून येत आणि तलाव अर्धाच मोजला जाई. असं दोन-तीनदा झाल्यावर मी एक नोंद तयार केली होती : ‘उन्हाळी काठ’. ती नकाशाच्या खाली टाकायची, कच्ची प्रत गावाला पाठवायची. गावानं ग्रामसभेत हरकत घेतली तर पुन्हा चाला, नाही घेतली तर तीच हद्द. नोंद मला फार सोयीची होती. मी राजुऱ्याचा, खाणीच्या वसाहतीत वाढलेला. तलाव मला नकाशात निळा दिसला की पुरायचा.

मी ‘उन्हाळी काठ’ लिहिलं आणि पुढचं गाव घेतलं.

नऊ-दहा दिवसांनी, सर नागपूरहून परत आलेले, पण गोळ्याचं मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं, सकाळी अकराच्या सुमारास एक बाई जिना चढून आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, कृश, हातात पिशवी, पिशवीत आमचीच कच्ची प्रत घडी करून ठेवलेली. तलावाची हद्द त्यांनीच चालली होती. मच्छीमार सोसायटीनं यंत्र त्यांच्या हाती दिलं होतं, कारण त्या तलावाची वीत न् वीत त्यांना ठाऊक होती. प्रत टेबलावर पसरून त्या मला म्हणाल्या,

“साहेब, हा कोनाचा तलाव होय?”

“तुमचाच.”

“हा आमचा नोहोय. हा अर्धा हाये.”

मी त्यांना नीट समजावून सांगितलं. म्हणजे मला नीट वाटत होतं. उन्हाळ्यात पाणी आटतं, चालणारा काठानं चालतो, असं बऱ्याच गावांत होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

“मी पारीवरून चालली,” त्या म्हणाल्या. “काठानं नाई चालली. पार बोराटीनं भरली होती, पाय फाटले माहे. बारा जागी थांबली, बारा बार बटन दाबलं. माही जाऊ संगं होती, थे मोजत होती.”

“बाई, यंत्र खोटं नाही बोलत.”

“मंग मी खोटी बोलून राह्यली का?”

मी म्हटलं, तसं नाही, पण गडबडीत होतं कधी. त्यांनी प्रतीच्या तळाशी, नोंदीवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “गावात म्हनून राह्यले का तलाव हिनंच घालवला. तुमीच लिवलं ना खाली, काठानं चालली म्हनून. मले कोनी विचारलं बी नाई. माह्या घरचा मानूस सभेतून उठून गेला.”

मी त्यांना पुन्हा चालायला सांगितलं. यंत्र तालुक्याला आहे, मागून घ्या, समिती बसायला अजून पंधरा दिवस आहेत. त्यांनी प्रत घडी केली. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत. दुपारच्या एसटीनं परत जायचं होतं.

सर आतल्या टेबलावर बसून सगळं ऐकत होते. बाई गेल्यावर ते उठले आणि त्या गावाची मूळ यादी छापून आणली. मूळ यादी म्हणजे यंत्रातून जशीच्या तशी आलेली, दुभाष्यानं अजून हात न लावलेली. ती बघायला अर्धा मिनिट लागतो. बाई समोर असताना मला ते सुचलं नव्हतं.

ठिपके बारा होते. बाराही पारीवर. सर नकाशावरची रेष त्यांच्याशी ताडून पाहू लागले. सहावा बरोबर, सातवा, पार पलीकडच्या टोकाचा, भलतीकडेच. सातव्याच्या जागी तलावाच्या पोटातल्या गाळपेरीच्या बांधावरचा, दुसऱ्याच रेषेतला एक ठिपका येऊन बसला होता.

“गोळा काढला तू?” सरांनी विचारलं.

मी सांगितलं. वाचतानाच फक्त, बदलताना नाही, हेही सांगितलं.

“वाचाले उचलतच ना बे गडी? उचललं का मोजनी बदलली. नुसतं पाह्यलं तरी बदलते.”

सर एवढंच बोलले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच मला फळ्यावर शिकवलेली गोष्ट होती ती. दोन गड्यांनी सातवा ठिपका एकाच क्षणी उचलला होता, एक मोजणी हरवली होती, ठिपका हातात असतानाच मेला होता आणि त्याची रिकामी जागा दुसऱ्याला मिळाली होती. मी ज्या गावावर पाचदा तपासलं त्यात हे घडलं नव्हतं. लाखोंत एकदा घडणारी गोष्ट पाच वेळा पाहून कळत नाही.

पुढचे दहा दिवस आम्ही जे केलं ते मी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे, हे मी आजही म्हणेन. सरांच्या वहीत सगळ्यांच्या मालकीच्या दोनेकशे वस्तू लिहून झाल्या होत्या. त्या आम्ही एकेक करून उचलल्या आणि प्रत्येक गड्याच्या घरात त्याची त्याची प्रत ठेवली. सर वाचून दाखवायचे, मी बदलायचो, मग उलट. ठिपक्यांच्या याद्या चौघांना चार वेगळ्या दिल्या. मशीनची मेमरी जास्त खर्च झाली, त्याला इलाज नव्हता. प्रत्येक घराला आपापला गोळा राहिला, पण त्यासाठी रांगेत उभं राहणारं कुणी उरलं नाही. पहिल्याच खेपेला एक गाव दोन तास पाच मिनिटांत उतरलं, माझ्या चोरट्या आवृत्तीपेक्षाही पाच मिनिटं आधी. आम्ही ते सरांच्या सांगण्यावरून चाळीस वेळा लावलं आणि चाळीसही वेळा एका गड्यानं केलेल्या उत्तराशी ताडलं. मग माझी अकराही गावं नव्यानं काढली. दहा बरोबर होती. अकराव्यात तलाव पुरता पसरलेला, बाराही कोपरे पारीवर.

परदेशी सॉफ्टवेअरचं नाव मालकांनी पुन्हा काढलं नाही. सरांच्या चेहऱ्यावर मी एवढा आनंद कधी पाहिला नव्हता. नकाशाची पक्की प्रत माझ्या हातात देत ते म्हणाले, “हे पोस्टानं नको धाडू. स्वतः जा. त्या बाईची चूक नव्हती, आपली होती, असं सभेत सांगून दे. सांगशील ना?”

“सांगतो सर.”

आणि मी खरंच सांगायच्या तयारीनं गेलो होतो. एसटीत बसून वाक्यंही जुळवली होती : आमच्या मशीनमध्ये दोष होता, यंत्र धरणाऱ्या बाईंनी काम चोख केलं होतं. दोनच वाक्यं होती.

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात होती. मी पोचलो तेव्हा माणसं जमलेली. सोसायटीच्या अध्यक्षांनी नकाशा हातात घेतला, तलावावर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला काही बोलू देण्याआधीच ते उभे राहिले. म्हणाले, बाईच्या चुकीनं तलाव गेला होता, साहेबानं चंद्रपुरात मशीनीवर बसून चूक पकडली, दुसऱ्यांदा चालायची पाळी येऊ दिली नाही. टाळ्या झाल्या. माझ्या हातात नारळ आला, खांद्यावर दुपट्टा आला. मी अध्यक्षांकडे पाहून हसलो. मला आठवतं, मी हसलो.

बाई मागे, बायकांत बसल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर त्या उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

“साहेब, मशीनीत ठिपके किती होते? बारा होते का नाई?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द माझ्या पिशवीतल्या कागदावर छापलेला होता. पण बारा म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तलाव अर्धा कसा झाला. आणि दुपट्टा खांद्यावर होता.

“तपासावं लागेल,” मी म्हटलं.

त्या खाली बसल्या. अध्यक्ष म्हणाले, जाऊ द्या, झालं ते झालं, आता चांगलं झालं ना. मग सगळ्यांनी नकाशावर सह्या आणि अंगठे केले. बाईंनीही अंगठा केला. निळ्या शाईचा तो अंगठा मी फाइलमध्ये लावला. जेवणात तलावाचा मासा होता आणि मी तो जेवलो. लाज तेव्हाच वाटत होती, हे सांगितलं पाहिजे. नंतर उमगली वगैरे काही नाही.

ऑफिसात सरांनी विचारलं, “सांगितलं?”

“सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“काही नाही. हसल्या.”

“बरं केलं बे,” सर म्हणाले आणि कामाला लागले.

दावा मंजूर झाला, तलाव गावाच्या नावानं लागला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावाला तलावामागच्या जंगलाची हद्द चालायची होती आणि यंत्र शिकवायला मी गेलो. सकाळी सातला पारीखाली आठ-दहा जण जमले होते, सगळे पुरुष. मी त्यांच्यात बाईंना शोधलं. मग सोसायटीच्या अध्यक्षांना, सहज विचारल्यासारखं, विचारलं, मागच्या वेळी चालल्या त्या बाई कुठे आहेत, त्यांना तर सगळं येतं.

“तिले नाई देत आता मशीन,” ते म्हणाले. “चुकते थे.”

मी यंत्र सुरू केलं, आकाशाकडे धरलं, उपग्रह मिळेपर्यंत थांबलो आणि समोरच्या माणसाच्या हातात दिलं.